सामानमीमांसा, अथवा अद्भुत कादंबरीत ओझे कोण वाहतो याचा सोपपत्तिक विचार

शूर वीर भुयारात उतरतात, ड्रॅगनला ठार करतात, त्याच्या पोटाखालचा सोन्याचा ढीग पाहून थक्क होतात आणि पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत गावातल्या खाणावळीत बसलेले असतात. मधल्या कोऱ्या जागेत तो ढीग जिने चढून वर कोणी आणला, हे कोणी सांगत नाही. गंभीर अद्भुत कादंबरीकारांनी हा प्रश्न इतक्या एकमताने टाळला आहे, की त्यांच्यात काही लेखी करार झाला असावा असा संशय येतो. प्रस्तुत लेखकाचे प्रमेय असे: ज्याला हा प्रश्न टाळता आला तो गंभीर लेखक झाला, ज्याला टाळता आला नाही तो विनोदी झाला. दोघांत फरक प्रतिभेचा नाही, हमालीचा आहे.

आधी पूर्वपक्ष मांडू, म्हणजे नंतर तो खोडल्याचे समाधान तरी मिळेल. पूर्वपक्ष म्हणतो, विनोदी अद्भुत कादंबरी ही निव्वळ थट्टा आहे. टोल्किन यांनी एक थोर गोष्ट लिहिली, मागून येणाऱ्यांनी तिच्या नकला केल्या आणि नकलांना कंटाळलेल्यांनी नकलांची नक्कल केली. वरवर पाहता हे पटते. पण १९३७ सालचे ‘द हॉबिट’ उघडून पाहावे. बिल्बो बॅगिन्स साहसाला निघतो तो खिशातला रुमाल घरी विसरून, आणि ड्रॅगनच्या भीतीआधी त्याला रुमालाची हळहळ वाटते. म्हणजे बीज मुळातच होते. टोल्किन यांनी त्याला पाणी घातले नाही इतकेच. दुसरा आक्षेप आपल्याकडचा. महाभारतातही सामान आहे की! आहेच. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी शस्त्रांचे गाठोडे शमीच्या झाडावर बांधले आणि कोणी हात लावू नये म्हणून शेजारी एक प्रेत टांगले. वनवासातल्या शिधासामग्रीची सोय सूर्याने दिलेल्या पात्राने केली होती. व्यासांनी प्रश्न टाळला नाही, चोख सोडवला; आणि सुटलेला प्रश्न कोणाला हसवत नाही. म्हणून महाभारत गंभीर राहिले. पूर्वपक्ष खोडला गेला.

आता लक्षण. जे घेतल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही आणि घेतल्यावर घराबाहेर पडवत नाही, ते सामान. या लक्षणात लहान मुलेही येतात हा अतिव्याप्तीचा दोष, आणि बिल्बोचा रुमाल येत नाही हा अव्याप्तीचा. दोन्ही दोष मान्य करून पुढे जाऊ. निर्दोष लक्षण करत बसलो तर भुयारात उतरायला संध्याकाळ होईल.

या प्रश्नाला शास्त्राची शिस्त लागली ती १९७४ साली. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स यांनी डेव्ह आर्नेसन यांच्यासह ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापला: एका डब्यात तीन बारक्या पुस्तिका. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर चारपाच मित्र टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक डंजन मास्टर होऊन गोष्ट सांगतो, भुयार, त्यातले प्राणी आणि हवामान यांची जबाबदारी घेतो. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमले की नाही, हे फासा ठरवतो. फासेही चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे. कोणी जिंकत नाही, आणि खेळ संपतो तो बहुधा कोणाची तरी शेवटची बस असते म्हणून.

साहित्याच्या इतिहासाच्या दृष्टीने या खेळाची खरी देणगी फासे नव्हेत, ड्रॅगन तर नव्हेतच. ती देणगी म्हणजे यादी. प्रत्येक खेळाडूपुढे एक कागद असतो आणि त्यावर त्याच्या वीराजवळ काय काय आहे ते लिहिलेले असते: दोर ५० फूट, मशाली सहा, पाण्याची कातडी पिशवी, लोखंडी खुंट्या, आरसा, लसणाची जुडी. त्याआधीच्या कुठल्याही महाकाव्यात नायकाने लसूण किती घेतली याची नोंद ठेवायची पद्धत नव्हती. यादी आली की वजन आले आणि वजन आले की बेरीज. गायगॅक्स यांनी वजनाचे माप म्हणून सोन्याचे नाणेच घेतले. एखाद्या तलवारीचे वजन किती? तर इतक्या नाण्यांइतके. पुढे १९७८ च्या नियमपुस्तकात दहा नाण्यांचा एक पौंड ठरला. रोजच्या खर्चासाठी ही नाणी फारच वजनदार होती, पण कोणी तक्रार केल्याचे नियमपुस्तकात तरी नाही.

इथे या शास्त्रातला सर्वांत रमणीय भाग येतो. सुरुवातीच्या नियमांत वीराला अनुभवाचे गुण मिळत ते मुख्यतः मारलेल्या राक्षसांचे नव्हे. राक्षस मारल्याचे गुण किरकोळ. भरघोस गुण मिळत ते भुयारातून बाहेर आणलेल्या संपत्तीचे, एका सोन्याच्या नाण्याला एक गुण या दराने. आत सापडून उपयोग नाही, बाहेर आणले पाहिजे. म्हणजे ज्ञान हे वाहून आणलेल्या ओझ्याच्या थेट प्रमाणात. १९७८ च्या नियमपुस्तकात लढवय्याला पहिल्या पायरीवरून दुसरीवर जायला २००१ गुण लागत. ते सगळे नाण्यांतून मिळवायचे तर २०० पौंड, म्हणजे नव्वद किलो. जादूगाराला लागत २५०१. क्विंटलाहून जास्त! गटातला सर्वांत काटकुळा, अंगात नुसता झगा, हातात काठी, जिना चढताना धाप लागणारा. त्याच्याच डोक्यावर सर्वांत मोठे पोते. चोराला मात्र १२५१ पुरत. त्याच्या बाबतीत धंद्याचा पूर्वानुभव जमेस धरला असावा. जादूगार चिडखोर का असतात, याची मानसशास्त्रीय कारणे पुष्कळांनी शोधली. कोणी त्यांची पाठ पाहिली नाही.

दहा फुटी काठीला स्वतंत्र ग्रंथ हवा. येथे जमेल तेवढे. ही काठी पहिल्या यादीपासून आहे. हिचे काम पुढची जमीन ठोकून पाहणे, म्हणजे खड्डा असेल तर काठी पडेल, आपण नाही. सावध खेळाडूंची ही इतकी लाडकी झाली की गायगॅक्स यांनी ‘टूम ऑफ हॉरर्स’ नावाचे एक भुयार रचले, जे १९७८ मध्ये छापले गेले. त्याच्या तोंडाशी भिंतीवर एक हिरवा सैतानी चेहरा आहे, तोंड उघडे आणि आत मिट्ट काळोख. खेळाडू अर्थातच आधी काठी घालून पाहतात. काठी बाहेर येते ती आखूड झालेली. आत गेलेला भाग जगातून नाहीसा होतो, कायमचा. शहाणा माणूस इथे थांबतो. वीर माणूस उरलेली काठी फेकून देऊन डोके घालतो.

काठीचे अर्थशास्त्र याहून थरारक आहे. २००३ सालच्या आवृत्तीत दहा फुटी काठीची किंमत दोन चांदीची नाणी, म्हणजे वीस तांब्याची. त्याच पानावर दहा फुटी शिडीची किंमत पाच तांब्याची. शिडी म्हणजे दोन काठ्या आणि मध्ये पायऱ्या, हे बांधकामावरच्या कोणत्याही मुकादमाला ठाऊक आहे. म्हणजे पाच तांब्याला शिडी घ्यावी, मोडावी, चाळीस तांब्याला काठ्या विकाव्यात आणि पायऱ्यांवर रात्रीचा स्वयंपाक करावा. सातपट नफा, ड्रॅगन नाही, भुयार नाही, जिवाला धोका नाही. खेळाडूंच्या हे लगेच ध्यानात आले आणि साहसवृत्तीला मोठाच धोका निर्माण झाला. २०१४ च्या आवृत्तीत दुरुस्ती झाली: शिडी दहा तांब्याची, काठी पाच तांब्याची. त्या आवृत्तीत दोन काठ्यांची किंमत तंतोतंत शिडीएवढी झाली. पायऱ्या मात्र फुकटच राहिल्या. ही गळती पुढेमागे कोणी तरी बुजवील अशी आशा आहे.

जाता जाता भूमितीची एक शंका फेडून टाकू. दहा फूट रुंद बोळात दहा फुटी काठी काटकोनात वळवता येते का? येते. गणित केल्यास अशा वळणावरून आडवी धरलेली २८ फुटांची काठीही जेमतेम निघते. तेव्हा अडचण बोळात नाही. ती खाणावळीत आहे, जिथे प्रत्येक साहस सुरू होते, छत खुजे असते, माणसे दाटीने बसलेली असतात आणि कोपऱ्यात कोणी तरी टोपी डोळ्यांवर ओढून गूढ बसलेला असतो. त्याच्या टोपीला काठी लागल्याचा एकही प्रसंग गंभीर वाङ्मयात आढळत नाही.

२००३ च्या त्याच पुस्तकात अकुशल मजुराचा रोज एक चांदीचे नाणे आहे. काठी दोन नाण्यांची. हिशेब करा: काठी मोडली तर हमालाची दोन दिवसांची मजुरी बुडाली, म्हणून जमीन ठोकायला काठीपेक्षा हमालालाच पुढे पाठवणे व्यवहाराला धरून. खेळाडू नेमके हेच करत आले आहेत. मशालवाला, ओझेवाला यांना नाव नसते, आडनाव तर नाहीच, आणि पहिल्या खड्ड्यात ते असतात. महाराष्ट्रात १९६९ सालीच माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. तो भुयारांना लागू असता तर मंडळात नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी आणि नुकसानभरपाई यांचा हिशेब करता करता डंजन मास्टरचा रविवार गेला असता आणि हा सगळा वाङ्मयप्रकार पाळण्यातच बसला असता.

शास्त्राला प्रत्यक्ष प्रमाण हवे म्हणून पुण्यात भाच्याकडे खेळाला जाऊन बसलो. डंजन मास्टर त्याची एक मैत्रीण होती. समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे नकाशा लपवला होता. भाचा लढवय्या झाला होता. भुयारात अंधार होता, म्हणून त्याने मशाल पेटवली. जमीन संशयास्पद वाटली, म्हणून काठी पुढे केली. तेवढ्यात समोरून काही तरी आले आणि त्याने तलवार उपसली.

“कुठल्या हाताने?” मी विचारले.

“म्हणजे?”

“एका हातात मशाल, एका हातात काठी. काठीला खरे तर दोन्ही लागतात. आणि पाठीवर ढाल आहे म्हणालास.”

टेबलावर शांतता पसरली. भाच्याने आपले दोन्ही हात पाहिले, मग शेजाऱ्याचे. “काठी मी आधीच खाली टाकली होती,” तो म्हणाला.

“कधी?”

“काका,” पुठ्ठ्यामागून आवाज आला, “तुम्ही चहा घेणार का?”

चहा उत्तम होता. नियमांत हातांची बाब मुळात आहे, पण तिची आठवण कोणी करून देऊ नये हा टेबलावरचा अलिखित संकेत. तो संकेत मोडणाऱ्याला टेबलावर चहा देतात. पुस्तकात असता तर त्याला विनोदी लेखक म्हणाले असते.

ओझ्याचा प्रश्न इतका चिघळला की खेळानेच त्यावर जादूचा उतारा काढला: बॅग ऑफ होल्डिंग. पिशवी दिसायला साधी, आतून मावेल तितकी. २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे तिचे वजन नेहमी पंधरा पौंड, मग आत काही नसो की पाचशे पौंड असो. माणूसही आत राहू शकतो, दहा मिनिटे; दोन माणसे असतील तर पाच. एक अट मात्र भयंकर आहे. ही पिशवी तिच्यासारख्याच दुसऱ्या जादूच्या पोकळीत ठेवायची नाही. ठेवली तर दोन्ही नष्ट होतात, विश्वाला भोक पडते आणि जवळपासचे सगळे दुसऱ्याच पातळीवर खेचले जातात. आता कुठल्याही मराठी स्वयंपाकघरात दाराच्या मागे खिळ्याला एक पिशवी लटकत असते आणि तिच्यात फक्त पिशव्या असतात. किती असतात ते कोणाला माहीत नाही, कितीही काढल्या तरी ती रिकामी होत नाही आणि पाहिजे ती पिशवी हाताला लागत नाही. नियम पाहता हे घर केव्हाच अंतराळात जायला हवे होते. गायगॅक्स यांना या बाबतीत आपल्याकडच्या गृहिणींचा सल्ला घेता आला असता.

एवढी पायाभरणी झाल्यावर कादंबरीकडे येऊ. या खेळावर आधारलेली पहिली कादंबरी म्हणून आंद्रे नॉर्टन यांच्या १९७८ च्या ‘क्वाग कीप’चे नाव घेतले जाते. नॉर्टन यांनी गायगॅक्स यांच्याबरोबर हा खेळ खेळून पाहिला होता. तिच्यातल्या पात्रांच्या मनगटावर कडी आहेत, कड्यांत फासे बसवलेले, आणि संकट जवळ आले की फासे आपोआप फिरू लागतात. कडी काढता येत नाहीत. हे सर्व अत्यंत गंभीरपणे सांगितले आहे. वाचताना हसू येते, पण बाईंचा तसा हेतू दिसत नाही, म्हणून तो पुरावा आम्ही राखून ठेवतो.

खरा ग्रंथारंभ १९८३ चा. टेरी प्रॅचेट हे इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात मित्रांना हा खेळ खेळवत असत. खेळाडूंनी गोळा केलेला पसारा कुठे ठेवायचा, हा जो सनातन प्रश्न, त्यासाठी त्यांनी त्या खेळात एक चालती पेटी आणली. तीच पेटी ‘द कलर ऑफ मॅजिक’ या पहिल्या डिस्कवर्ल्ड कादंबरीत ‘द लगेज’ या नावाने आली. वीर नव्हे, तलवार नव्हे, खेळातून पुस्तकात सरळ आली ती ट्रंक. एका वाङ्मयप्रकाराच्या मुळाशी ट्रंक सापडणे ही आमच्या प्रमेयाला मिळालेली केवढी मोठी देणगी!

ती पेटी जवळून पाहू. लाकूड जाणत्या नासपतीचे, जे जादूला दाद देत नाही. खाली शेकडो बारीक पाय. मालक जाईल तिथे मागे, भिंत आली तर भिंतीतून. झाकण उघडले तर कधी आत सोने, कधी धुतलेले, घडी केलेले कपडे. आणि मालकावर कोणी चालून आले तर आत दात आणि जीभ. गिळलेला माणूस कुठे जातो ते कळत नाही. पुढच्या वेळी उघडली की पुन्हा इस्त्रीचे कपडे. भुयारात पेटीच्या रूपात बसून हात लावणाऱ्याला चावणारा मिमिक नावाचा प्राणी खेळाच्या १९७७ च्या राक्षसकोशात आहे. प्रॅचेट यांची पेटी चावते ती मालकाच्या बाजूने, हा फरक बारीक आहे पण मालकाच्या दृष्टीने महत्त्वाचा.

आणि मालक कोण? टूफ्लॉवर, दूरच्या साम्राज्यातला विम्याचा कारकून, पर्यटनाला आलेला. त्याच्या देशात सोने स्वस्त. इथे त्याच्या पेटीतल्या नाण्यांवर सारे शहर टपलेले. त्याचा वाटाड्या रिन्सविंड, नापास जादूगार, ज्याची एकमेव सिद्धी पळण्याची. टूफ्लॉवर एका खाणावळवाल्याला आगीचा विमा समजावून सांगतो, खाणावळवाल्याला तो लगेच समजतो, आणि परिणामी आंख-मॉरपॉर्क शहर जळते. मला वाटते विमा व्यवसायावर याहून नेमके लिहिलेले फार नसावे.

इथे एक जण बोट वर करील. प्रश्न सुटला की हसू येत नाही, असे तुम्हीच म्हणालात. पेटी तर स्वतःच चालते, मग हमालीचा प्रश्न सुटला नाही का? उत्तर: वजनाचा सुटला, पेटीचा सुरू झाला. ओझ्याला पाय फुटले ते मनासकट. ती रुसते, सूड घेते, वाट चुकलेल्या मालकाला शोधत मुलूख तुडवते. ‘द लाइट फँटॅस्टिक’च्या (१९८६) शेवटी टूफ्लॉवर ती रिन्सविंडला देऊन टाकतो, आणि ज्याला कसलेही ओझे नको म्हणून जो जन्मभर पळत आला त्याच्या मागे ओझेच पळू लागते. ‘इंटरेस्टिंग टाइम्स’मध्ये (१९९४) तर तिला जातभाई भेटतात, जोडी जमते. व्यासांनी शमीच्या झाडावर बांधलेले गाठोडे वर्षभर निमूट राहिले, त्याने संसार थाटला नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत खेळाच्या कंपनीनेच कादंबऱ्या काढल्या. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ १९८४ ची, गंभीर, प्रदीर्घ, नशिबाच्या ओझ्याखाली वाकलेली. पण तिच्यातही जिथे सामान येते तिथे हसू फुटते. टासलहॉफ हा केंडर जातीचा बुटका. त्याच्या कमरेभोवती थैल्याच थैल्या आणि थैल्यांत इतरांच्या वस्तू, ज्या त्याच्या मते त्याला सहज सापडल्या. चोरी ही कल्पनाच त्या जातीला ठाऊक नाही. आणि त्याच कादंबरीतली बुपू! तिच्या पिशवीत मेलेली पाल असते, जी तिच्या मते औषधी आहे, आणि त्याच पिशवीत एका महाजादूगाराची पोथी. जादूगार रेस्टलिन कोणाला भीक घालत नाही, पण बुपूपुढे मऊ होतो. क्विंटलाचा हिशेब ज्याने पाहिला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. आपल्या वाटचे थोडे तरी दुसऱ्याने उचलले होते.

मेरी जेंटल यांच्या ‘ग्रंट्स!’मध्ये (१९९२) ओर्क नावाच्या राक्षसी जमातीला ड्रॅगनच्या खजिन्यात आधुनिक बंदुका सापडतात. बंदुकांवर शाप असतो, वापरणारा हळूहळू अमेरिकी मरीन सैनिकासारखा वागू लागतो. सामान माणसाला वाहून नेते. डायाना विन जोन्स यांनी १९९६ मध्ये काल्पनिक प्रदेशाची प्रवासी मार्गदर्शिकाच लिहिली. प्रवासात कायम स्ट्यूच का मिळतो, शिजायला तास लागणारी ही गोष्ट थकलेले प्रवासी कशी करतात, ही तिच्यातली शंका इतकी बिनतोड आहे की त्यानंतर स्ट्यू खाणाऱ्या नायकावर विश्वास बसत नाही.

एक अवांतर, पण सोडवत नाही. त्याच १९७७ च्या राक्षसकोशात आपला राक्षस आहे, ‘राक्षस’ याच नावाने. वाघाचे डोके, अंगात उंची झगा, तोंडात पाइप; एखाद्या जुन्या क्लबचा सभासद वाटावा. त्याला मारायचा उपाय म्हणजे धर्मगुरूने मंतरलेला क्रॉसबोचा बाण. हे वाल्मीकींत नाही. १९७४ च्या ‘कोलचॅक’ नावाच्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत राक्षसावर असा बाण चालवला होता, तिथून ते आले. तेव्हापासून प्रत्येक सावध वीराच्या यादीत मंतरलेले बाण वाढले, वजन वाढले. लंकेच्या मोहिमेचे सामान वानरांनी वाहिले होते, याची कोशकाराने दखल घेतली नाही.

अलीकडच्या लेखकांनी मात्र प्रश्नाचा रोखच फिरवला. सामान कुठे ठेवायचे हे सोडून ते विचारू लागले, की ज्यांच्या डोक्यावर ते ठेवता त्यांचे काय? खेळात ज्या पात्राला कोणी खेळाडू नसतो, ज्याला डंजन मास्टर वेळेपुरता आवाज देतो, त्याला एनपीसी म्हणतात: खाणावळवाला, पहारेकरी, हमाल. ड्रू हेज यांच्या २०१४ च्या ‘एनपीसीज’ या कादंबरीत वीर पहिल्याच झटक्यात मरतात. युद्धात नव्हे, खाणावळीत बसून विषारी अळंबी खातात. मेल्यावर त्यांच्या सामानात राजाचे पत्र निघते, मोहिमेवर बोलावणारे. वीर आपल्या गावात मेले हे राजाला कळले तर गावाची धडगत नाही, म्हणून पहारेकरी, नगराध्यक्षाची मुलगी, एक बुटका आणि खाणावळीचा अर्धा ओर्क मालक हेच वीर बनून निघतात. पाहा: मृतांची पिशवी नसती तर कादंबरी नसती. आणि ज्यांना फासा कधी विचारत नव्हता त्यांना आता ओझ्याची सवय आहे एवढ्या एका गुणावर निभवावे लागते. ती माणसे वीरांपेक्षा चांगला हिशेब ठेवतात, हे मी कौतुकाने नोंदवतो.

त्याच वर्षीच्या ‘ऑर्कनॉमिक्स’मध्ये जे. झॅकरी पाइक यांनी आणखी मजल मारली. ड्रॅगनचा खजिना ड्रॅगन जिवंत असतानाच गुंतवणूकदारांना भागांनी विकला जातो. वीर म्हणजे कंत्राटदार. सोने बाहेर येण्याआधी चार हातांतून गेलेले असते, म्हणून ते कोणाच्याच पाठीवर येत नाही; येतात ते कागद. एनपीसी या तीन अक्षरांचा पाइक यांनी नवा विस्तार केला आहे: निःशस्त्र कागदधारक. ओर्क किंवा गोब्लिन यांच्याजवळ तो कागद असला तर ते नागरिक, नसला तर लूट. नायक गॉर्म या खुज्याचे सारे दुर्दैव एका गोब्लिनला तो कागद मिळवून देण्याच्या भानगडीतून सुरू होते. सरकारी कचेरीच्या खिडकीपुढे छायाप्रती घेऊन उभे राहिलेल्या वाचकाला इथे ड्रॅगनपेक्षा जास्त भीती वाटते. माझ्या मते विनोदाच्या या शाखेतले हे सर्वांत कडू पुस्तक आहे, आणि सर्वांत हसवणारेही.

उलट बाजूचा पुरावा जपानचा. र्योको कुई यांच्या २०१४ ते २०२३ मधल्या ‘डिलिशस इन डंजन’ या चित्रकथेत वीरांचे सामान आणि पैसा पहिल्याच प्रकरणात भुयारात राहून जातो. नायकाची बहीण ड्रॅगनच्या पोटात, खिसा रिकामा, शिधा नाही. मग भेटलेला राक्षस शिजवून खायचा. सेन्शी नावाचा खुजा त्यांना मिळतो, ज्याच्याजवळ एक अभेद्य धातूची कढई आहे, जी पूर्वी ढाल होती. युगानुयुगे ज्या धातूसाठी राज्ये लढली त्यात तो रस्सा करतो. सामान असले तर विनोद, नसले तर अधिक विनोद. म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही सिद्ध झाले, आणि तर्कशास्त्राला यापुढे मागायचे काही उरले नाही.

ट्रॅव्हिस बॉल्डरी यांच्या ‘लेजंड्स अँड लाटेज’मध्ये (२०२२) व्हिव्ह ही ओर्क वीरांगना तलवार भिंतीवर टांगून कॉफीचे दुकान काढते. गोष्ट गोड आहे, थोडी जास्तच. पण वीस वर्षे लढून कमावलेल्या अनुभवाचा उपयोग जड यंत्रे आणि फर्निचर हलवण्यासाठी होताना पाहून आमच्या शाखेला कृतकृत्य वाटले.

राहिला एक मुद्दा, जो जागेअभावी सोडावा लागतो. १९८१ च्या सोप्या नियमपुस्तकात खेचर भुयारात नेता येईल, डंजन मास्टरची परवानगी असल्यास, असे म्हटले आहे. परवानगी खेचराची घ्यायची की नाही, याबद्दल नियम मौन पाळतात. सापळ्यावर पाय ठेवायला खेचर नकार देते, ही गोष्ट दहा फुटी काठीला पूर्णपणे निकामी करणारी आहे, आणि तरीही मी वर घेतलेल्या कादंबऱ्यांत खेचराला नायकपद मिळालेले नाही. एखाद्या होतकरू विद्यार्थ्याने हा विषय पीएच.डी.ला घ्यावा. नोंदणीचे शुल्क, दाणावैरण आणि जिना उतरवण्याची मजुरी ज्याची त्याने सोसायची आहे. विद्यापीठाने खेचरासाठी वेगळे ओळखपत्र मागितल्यास निःशस्त्र कागदधारकाचा नमुना वापरावा.